जन्माने मिळालेले आणि रिवाजाने लादलेले

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना एक गोष्ट आम्हाला दरवर्षी नव्याने समजावून सांगावी लागते. मुले ‘माझी आवाज’ म्हणतात, ‘ती दुकान’ म्हणतात, ‘चांगली चहा’ म्हणतात. यात त्यांचा दोष काढता येत नाही. उर्दूत आवाज स्त्रीलिंगी आहे, दुकान स्त्रीलिंगी आहे आणि चायसुद्धा स्त्रीलिंगीच आहे. मराठीचा उंबरठा ओलांडला की आवाज पुल्लिंगी होतो, दुकान नपुंसकलिंगी होते आणि चहा पुरुष होऊन बसतो. ‘किताब’ हा शब्द अरबीत पुल्लिंगी. तोच उर्दूत आला आणि स्त्रीलिंगी झाला. मराठीतले पुस्तक तर ना पुरुष ना स्त्री. अरबीत सूर्याला ‘शम्स’ म्हणतात, तो शब्द स्त्रीलिंगी आहे. चंद्र म्हणजे ‘कमर’, तो पुल्लिंगी. सूर्य तोच आहे, चहाची चवही तीच आहे. त्या त्या भाषेच्या लोकांनी आपापसांत जे ठरवून घेतले, तेवढे मात्र वेगवेगळे आहे.

मुले विचारतात, ‘‘असे का?’’ व्याकरणाकडे याचे एकच उत्तर असते : रूढी आहे म्हणून. व्याकरणापुरते हे उत्तर चालून जाते. चहा पुल्लिंगी असल्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण हेच उत्तर जेव्हा एखाद्या जिवंत मुलीला दिले जाते, ‘रिवाजच तसा आहे’ म्हणून तिची शाळा थांबते, तिचा वाटा जातो, तिच्या वेळेचा हिशेब कोणी ठेवत नाही, तेव्हा ते उत्तर पुरेसे आहे काय? हा व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. तो नीतीचा प्रश्न होतो.

इंग्रजीतला ‘जेंडर’ हा शब्दही मुख्यत: व्याकरणातलाच होता. १९५५ मध्ये जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने तो माणसाच्या सामाजिक भूमिकेसाठी वापरला आणि पुढे १९७२ मध्ये अ‍ॅन ओकली यांच्या ‘सेक्स, जेंडर अँड सोसायटी’ या पुस्तकाने देहाचा भेद आणि समाजाने घडवलेला भेद यांच्यातील फरक रूढ केला. त्याआधी १९४९ मध्ये सिमोन द बोव्हुआर या फ्रेंच लेखिकेने ‘द सेकंड सेक्स’ या ग्रंथात स्त्रीपण जन्मजात नसते, हा विचार विस्ताराने मांडला होता. मराठीत देहाच्या भेदाला आपण ‘लिंग’ म्हणतो आणि समाजाने घडवलेल्या भेदाला ‘लिंगभाव’. उर्दूत पहिल्यासाठी ‘जिन्स’ आणि दुसऱ्यासाठी ‘सिन्फ’ हे शब्द चालतात. ‘सिन्फ’ म्हणजे प्रकार. गझल, नज्म, कसीदा या काव्याच्या सिन्फ आहेत. आणि बाईला आपल्याकडे शतकानुशतके ‘सिन्फ-ए-नाजुक’ म्हटले जाते. नाजूक प्रकार! पहाटे उठून पाणी भरणारी, डोक्यावर लाकडाची मोळी आणणारी, रात्री शेवटी जेवणारी बाई ज्या भाषेत नाजूक ठरते, त्या भाषेने आपल्या आसपास डोळे उघडून पाहिले होते काय, अशी शंका येते.

जे आपल्याला निसर्ग वाटते, ते बहुतेक वेळा सवय असते. आज एखादा मुलगा कानात बाळी घालून वर्गात आला तर त्याला ती काढायला लावतात. ‘‘मुलगी आहेस का?’’ असे चार पोरे विचारतात. पण १६१४ मध्ये बादशहा जहांगीर आजारातून उठला तेव्हा ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्यावरील श्रद्धेपोटी त्याने स्वत:चे कान टोचून घेतले, मोती घातले आणि दरबारच्या उमरावांनीही त्याचे अनुकरण केले. हे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मराठी मुलखात भिकबाळी घालणारे पुरुष मर्दपणात कोणाहून कमी नव्हते. सुरमा तर आजही आपले बुजुर्ग डोळ्यांत घालतात. म्हणजे दागिना आणि काजळ यांचा देहाशी काही संबंध नाही. काळ त्यांना कधी या पारड्यात टाकतो, कधी त्या.

कामाचेही तसेच आहे. १८५७ नंतर उत्तरेकडच्या मऊ, आझमगड, बनारस या भागांतून मोमीन विणकर आपले बिऱ्हाड घेऊन मालेगाव-भिवंडीकडे आले. त्यांच्यात मागावर बसणार पुरुष. बाई घरात सूत उकलणार, कांड्या भरणार. विणकर म्हणून नाव पुरुषाचे, मजुरी पुरुषाच्या हाती. बाईचे काम ‘हातभार’ या सदरात जमा. आता आसामात जावे. तिथे घराघरात माग आहे आणि त्या मागावर बाई बसते. विणता येणे हा तिथल्या मुलीचा गुण मानला जातो. देशाच्या २०१९-२० च्या हातमाग गणनेत सुमारे ३५ लाख हातमाग कामगारांची नोंद झाली आणि त्यांत शेकडा ७० हून अधिक स्त्रिया आहेत. म्हणजे धोटा फेकायला पुरुषाचाच हात लागतो असे नाही. माग हा लाकडाचा आणि सुताचा असतो, त्याला स्त्री-पुरुष कळत नाही.

स्वयंपाकाचे उदाहरण तर घरातलेच आहे. रोजचे जेवण करणे हे बाईचे निसर्गदत्त काम, असे आपण समजतो. पण लग्नाची देग चढते तेव्हा भटारी पुरुष असतो. घरात फाटलेले शिवते ती बाई, बाजारात दुकान टाकून शिवतो तो ‘मास्टर’. काम एकच आहे. मेहनताना आणि मान जोडला गेला की ते पुरुषाचे होते, फुकट असले की बाईचे. यात निसर्ग कुठे आला? हा तर व्यवहार झाला, आणि तोही एका बाजूचा.

या व्यवहाराचा हिशेब सरकारनेही मांडला आहे. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील लोकांना विचारले गेले की दिवसाचे चोवीस तास कसे गेले. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१ निघाल्या, पुरुष शेकडा २६. आणि हे काम जे करतात, त्यांच्यातही बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाचे ९७. म्हणजे बाईचे रोज जवळजवळ पाच तास. ज्या मुलीला दहावीचा अभ्यास करायचा आहे आणि जिच्या भावालाही तोच अभ्यास करायचा आहे, त्या दोघांच्या संध्याकाळी समोरासमोर ठेवून पाहाव्यात. ती भांडी घासून वह्या उघडते तेव्हा तो वाचून झोपलेला असतो, नाहीतर चौकात उभा असतो. तरीही निकालाच्या दिवशी मुली पुढे असतात. मग मुलींची स्तुती होते, त्यांच्या वेळेचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

यावर काही जण म्हणतील, की अहो, मूल बाईच्याच पोटी येते ना? मग भेद नाही असे कसे म्हणता? भेद आहे, तो कोणी नाकारत नाही. गर्भ बाई वाढवते, दूध बाई पाजते. परंतु ‘भेद आहे’ या वाक्यातून ‘म्हणून दर्जा कमी आहे’ हे वाक्य निघत नाही. तर्कशास्त्राच्या कोणत्याही नियमाने ते निघत नाही. डावा हात आणि उजवा हात वेगळे आहेत, म्हणून एकाला उपाशी ठेवावे असे ठरत नाही. शिवाय दूध पाजण्याचा आणि भांडी घासण्याचा काय संबंध? गर्भाशयाचा आणि सात-बाऱ्यावरच्या नावाचा काय संबंध? निसर्गाने दिलेली एक-दोन कामे पुढे करून त्यांच्या आड रिवाजाने शंभर कामे लपवली आहेत. ती एकेक करून वेगळी काढणे हेच खरे काम आहे.

परिस्थिती बदलली की ती आपोआप वेगळी होतात, हेही आपण पाहिले आहे. १९७० च्या दशकापासून कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांतले तरुण मोठ्या संख्येने आखाती देशांत नोकरीला गेले. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतली कित्येक गावे पुरुषांविना राहिली. मग बँकेत कोण जाऊ लागले? घराचे बांधकाम चालू असताना गवंड्याशी हिशेब कोणी केला? शेतावर मजूर कोणी लावले, मुलांच्या शाळेत सही कोणी केली? बायकांनीच. ‘बाईला बाहेरचे व्यवहार कळत नाहीत’ हे वाक्य वर्षानुवर्षे ज्यांच्याबद्दल बोलले गेले, त्यांनी परदेशातून आलेल्या पैशातून घरे उभी केली. आणि तिकडे एका खोलीत सहा-आठ जण राहणारे त्यांचे पुरुष स्वत:ची रोटी स्वत: भाजायला, कपडे धुवायला शिकले. गरज पडली तेव्हा दोघांनाही सर्व काही जमले. पण गरज संपून पुरुष सुटीवर घरी आला की बाई पुन्हा आत आणि पुरुष पुन्हा दस्तरखानावर. यावरून जे जमत नाही म्हणून सांगितले जाते, ते बहुतेक वेळा जमू द्यायचे नसते, असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल काय?

आता आपल्या समाजाला सर्वांत अडचणीच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे वळू. ‘रिवाज’ म्हणून जे टिकत नाही ते ‘दीन’ म्हणून टिकवले जाते. दीनच्या नावाने सांगितले की प्रश्न विचारणारा गप्प बसतो. म्हणून या ठिकाणी थोडा शांतपणे विचार केला पाहिजे. धर्मग्रंथात स्त्री-पुरुषांसाठी काही वेगळे नियम आहेत आणि त्यांच्या अर्थाविषयी आलिमांत आणि अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या चर्चेला स्वतंत्र लेख लागेल. आमचा मुद्दा त्याहून साधा आहे. ज्या गोष्टी ग्रंथात मुळीच नाहीत, त्यांच्यावर दीनचा शिक्का कोणी मारला?

नवजात बाळाच्या कानात अजान दिली जाते. ती मुलासाठी वेगळी आणि मुलीसाठी वेगळी नसते. शब्द तेच. पण अजान देऊन माणूस बाहेर आला की मुलगा असेल तर पेढे आणि मुलगी असेल तर बर्फी. मुलगा असेल तर मुबारकबाद, मुलगी असेल तर ‘‘चला, अल्लाहची मर्जी!’’ हा भेद कोणत्या किताबातून आला? हजरत आयेशा (र.) यांना कोणी विचारले की पैगंबर (स.) घरात असताना काय करीत, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. बुखारी शरीफमध्ये ही नोंद आहे. आपली चप्पल आणि कपडे ते स्वत: दुरुस्त करीत, असेही हदीसच्या ग्रंथांत आहे. मिस्वाक, दाढी, सुरमा यांची सुन्नत आपल्या पुरुषांना तोंडपाठ असते. घरकामाची सुन्नत तेवढी कशी विसरली जाते?

आणि भाषेचा प्रश्न तर प्रत्यक्ष त्या काळातच विचारला गेला होता. उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (र.) यांनी पैगंबरांना विचारले, की कुरआनमध्ये पुरुषांचा उल्लेख होतो तसा आम्हा स्त्रियांचा का होत नाही? हदीस आणि तफसीरच्या ग्रंथांत हा प्रसंग आला आहे. त्यानंतर सूरह अहजाबची ३५ वी आयत उतरली. तीत दहा गुण सांगितले आहेत आणि प्रत्येक गुण पुरुष आणि स्त्री अशा दोघांच्या नावे, दोन वेगळ्या रूपांत, स्पष्टपणे घेतला आहे. पुल्लिंगी शब्दात स्त्रीही येतेच, असे सांगून तो प्रश्न मिटवता आला असता. तसा तो मिटवला गेला नाही. प्रश्न विचारणारीला उद्धटही ठरवले गेले नाही. आज आपल्या घरातली मुलगी ‘आम्ही का नाही?’ म्हणून विचारते, तेव्हा तिला जी उत्तरे मिळतात ती या प्रसंगाशेजारी ठेवून पाहावीत.

दीन आणि रिवाज यांची समोरासमोर गाठ पडली तेव्हा काय झाले, याचा एक दाखला आपल्या मुंबईतच आहे. १८४७ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टापुढे ‘हिरबाई विरुद्ध सोनबाई’ हा खोजा समाजातला खटला आला. त्याच्या जोडीला मेमन समाजातलाही वाद होता. मुलींचे म्हणणे असे, की आम्ही मुसलमान आहोत, तेव्हा वडिलांच्या मालमत्तेत कुरआनप्रमाणे आमचा वाटा द्या. समोरच्यांचे म्हणणे असे, की आमच्या जमातीत मुलीला वाटा देण्याचा रिवाज नाही. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी रिवाज मान्य केला. मुली हरल्या. म्हणजे बाया ग्रंथ पुढे करीत होत्या आणि पुरुष रिवाज पुढे करीत होते! पुढे ९० वर्षांनी, १९३७ मध्ये, शरीयत कायदा आला आणि रिवाजाऐवजी शरीयत लागू करण्याचे ठरले. पण त्यातूनही शेतजमीन वगळली गेली. जिथे खरी संपत्ती होती ती जमीनच बाहेर राहिली.

आज तो खटला लढवायचीही गरज पडत नाही. त्यासाठी हक्कसोडपत्र नावाचा कागद आहे. वडील वारले की चाळीसाव्यानंतर भाऊ बहिणींना बोलावतात. जेवण होते, जुन्या आठवणी निघतात, नंतर कागद पुढे येतो. बहीण सही करते. सही केली नाही तर माहेर तुटेल, हे तिला कोणी सांगत नाही आणि तरीही तिला ते पक्के माहीत असते. ग्रंथाने अर्धा दिला तरी रिवाजाने शून्य केला. मुलीने बाहेर पाऊल टाकले की जे लोक शरीयतची आठवण करून देतात, ते या कागदाच्या वेळी कुठे असतात? ज्या नियमाने पुरुषाचा फायदा होतो तो दीन, आणि ज्या नियमाने बाईचा फायदा होतो तिथे ‘आमच्यात तशी पद्धत नाही’. ही निवड दीनने केलेली नाही. ती माणसांनी केली आहे आणि तिचा जाब माणसांनाच द्यावा लागेल.

घडवण्याचे हे काम पुस्तकेही करतात. उर्दू शिकलेल्या प्रत्येकाला डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ ही १८६९ ची कादंबरी ठाऊक आहे. त्यांनी ती आपल्या मुलींसाठी लिहिली. तीत अकबरी फूहड आहे आणि तिची धाकटी बहीण असगरी सुघड. मुलींनी लिहावे-वाचावे, हा त्या काळी धाडसाचा विचार त्यांनी मांडला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण असगरीचे सारे शहाणपण सासरचे घर सावरण्यात खर्ची पडते. पिढ्यान् पिढ्या मुलींसमोर असगरीचा आरसा धरला गेला. मुलांसमोर तसा आरसा कोणी धरला? चांगला नवरा, चांगला भाऊ, चांगला बाप कसा असावा, हे शिकवणारी तितकी प्रसिद्ध कादंबरी आपल्याकडे झाली नाही. मराठीत १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून हाच हिशेब मागितला होता, की जे दोष स्त्रीच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय?

१९०५ मध्ये बंगालच्या रुकैया सखावत हुसैन यांनी एक वेगळाच प्रयोग केला. ‘सुलतानाज ड्रीम’ या कथेत त्यांनी एक असा देश रंगवला, जिथे पुरुष मर्दान्यात बंद आहेत आणि बाया कारभार, विज्ञान, शेती सांभाळत आहेत. ही कथा वाचताना पुरुष वाचकाला हसू येते आणि थोड्या वेळाने ते हसू ओठांवर थांबते. कारण कथेत पुरुषांना कोंडण्यासाठी जी कारणे दिली आहेत, ती बायांना कोंडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कारणांपेक्षा अधिक पटणारी आहेत. हसू येते ते सवय उलटी झाल्यामुळे. रुकैया बेगम नुसती कथा लिहून थांबल्या नाहीत. १९११ मध्ये त्यांनी कलकत्त्यात मुस्लिम मुलींसाठी शाळा चालू केली आणि मुली मिळवण्यासाठी घरोघर फिरल्या. ती शाळा आजही आहे.

आपल्या महाराष्ट्रात १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांच्याविरुद्ध. सातच होत्या. त्यांच्या मार्गाबद्दल मतभेद असणारे त्या वेळीही होते, आजही आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला आणि २०१९ मध्ये तो गुन्हा ठरवणारा कायदा आला. कायद्याने काही दारे उघडतात, काही नवे वादही उभे राहतात. पण कायदा घरातल्या ताटापर्यंत पोहोचत नाही. कोण आधी जेवणार, कोणाच्या वाटीत मटणाचा चांगला तुकडा पडणार, कोण उठून पाणी देणार, हे कोणत्याही राजपत्रात छापून येत नाही. ते आईच्या हातात, बापाच्या नजरेत आणि वर्गातल्या फळ्यासमोर ठरते.

म्हणून शाळेचे महत्त्व. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकांत काही चित्रे बदलली. घरकामात हात लावणारा पुरुष आला, डॉक्टर आणि पोलीस बाई आली. किती लहान गोष्ट! पण सात वर्षांच्या मुलाला ते चित्र विचित्र वाटत नाही. विचित्र वाटते ते मोठ्यांना. मुलांना अजून रिवाज पुरता पाठ झालेला नसतो. ‘मुलींसारखा काय रडतोस?’ हे वाक्य त्यांनी अजून पुरेशा वेळा ऐकलेले नसते.

आणि या वाक्याने मुलांचेही नुकसान होते, हे ध्यानात घ्यावे. कमावणे हा पुरुषाचा धर्म, असे लहानपणापासून ऐकलेला मुलगा नववीत शाळा सोडतो. गॅरेजवर जातो, यंत्रमागावर जातो, फळांची हातगाडी लावतो. उर्दू शाळांच्या वरच्या वर्गांत मुलींचे बाक भरलेले आणि मुलांचे रिकामे, हे दृश्य आमच्या रोजच्या पाहण्यातले आहे. त्या मुलाला भीती वाटली तर बोलायची सोय नाही, रडायची सोय नाही, थकलो म्हणायची सोय नाही. मग तो सगळा साठा एके दिवशी घरातल्या कमजोर माणसावर निघतो. मर्दपणाचा हा साचा मुलालाही दाबून बसवलेला असतो. फरक एवढाच, की साच्यातून बाहेर आल्यावर त्याला हुकूम चालवायला कोणीतरी मिळते, मुलीला मिळत नाही.

येथून आजचा सर्वांत कठीण प्रश्न सुरू होतो. मुली शिकू लागल्या, मुले मागे राहिली. आता पालक म्हणतात, ‘‘जास्त शिकवले तर बिरादरीत मुलगा कुठून आणायचा?’’ बारावी झालेल्या मुलीसाठी आठवी झालेल्या मुलाचे स्थळ येते आणि त्यावर उपाय म्हणून काय केले जाते? मुलीला बारावीवरच थांबवले जाते. मुलाला पुढे शिकवण्याचा, त्याच्यासाठी रात्रशाळा शोधण्याचा उपाय सुचत नाही. बायको आपल्याहून अधिक शिकलेली असली तर त्यात कमीपणा नाही, हे मुलाला सांगण्याचा उपाय तर दूरच. दोन माणसांची उंची जुळत नाही म्हणून उंच माणसाचे पाय कापावेत, तसा हा इलाज आहे. आणि यातला अन्याय दुहेरी आहे. मुलीची तालीम जाते आणि मुलाचा खोटा मोठेपणा शाबूत राहतो, ज्याच्या ओझ्याखाली तो स्वत:ही सुखी होत नाही. हजरत खदीजा (र.) व्यापार चालवीत होत्या, वयाने आणि संपत्तीने मोठ्या होत्या, आणि पैगंबर (स.) त्यांच्या व्यापाराचा माल घेऊन गेले होते, हा इतिहास आपल्या मुलांना शिकवला जातो. त्याचा अर्थ मात्र त्यांना लागू दिला जात नाही.

पण मग मुलींना थांबवणाऱ्या बायाच असतात ना, असे म्हटले जाते. आई थांबवते, सासू थांबवते, फूफी टोमणे मारते. हे खरे आहे. परंतु ज्या बाईला आयुष्यभर आज्ञा पाळल्याबद्दलच मान मिळाला, तिला वाटणार की आज्ञा पाळण्यातच मुलीचे रक्षण आहे. तिने जे सोसले ते व्यर्थ होते, हे मान्य करणे तिला सोपे नाही. तिच्यावर रागावून काही साधणार नाही. मात्र यावरून एक गोष्ट सिद्ध होते, की हा साचा पुरुषाच्या देहात नाही आणि बाईच्याही देहात नाही. तो दोघांच्या मनात आहे, म्हणून कोणाच्याही हातून चालवला जातो.

जे निसर्गाने दिले त्याबद्दल कोणी कोणाला जबाबदार धरत नाही. भूकंपाला कोण जाब विचारणार? पण जे माणसांनी बनवले, त्याची जबाबदारी माणसांवर येते, आणि ते तसेच चालू ठेवणाऱ्यावर सर्वांत अधिक येते. विषमता रिवाजाने आलेली आहे असे एकदा मान्य केले की ‘आमच्या हातात काय आहे?’ हे म्हणण्याची सोय राहत नाही. म्हणूनच कदाचित ती निसर्गाने आली आहे, नाहीतर दीनने आली आहे, असे म्हणत राहणे सर्वांना सोयीचे वाटते.

आमच्या मते प्रत्येक घराने आपल्या रिवाजांना दोन साधे प्रश्न विचारावेत. हा नियम देहामुळे आहे, की सवयीमुळे? आणि हा नियम मुलाला लावला असता तर तो मी न्याय्य मानला असता काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर तो नियम मुलीलाही लावू नये. यासाठी मोर्चा लागत नाही, कोर्ट लागत नाही. संध्याकाळी जेवण झाल्यावर मुलाने आपले ताट उचलून धुवावे. बहिणीने मागण्याआधी भावाने तिचा वाटा मोजून द्यावा आणि हक्कसोडपत्राचा कागद घरात आणू नये. जून महिन्यात कॉलेजचे फॉर्म सुटतात, तेव्हा मुलीच्या फॉर्मवर सही करताना ‘पुढे हिचे काय?’ असे विचारणाऱ्या शेजाऱ्याला बापाने इतकेच सांगावे, की पुढचे ती ठरवील.